नोकरी शोधायला निघताय? एआय कुठे वापरायचं आणि कुठे नाही

रेझ्युमे लिहायला बसलं की हल्ली आधी उघडलं जातं ते चॅटजीपीटी. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ते आलं, मागोमाग जेमिनी, क्लॉड, कोपायलट आले आणि ज्या अर्जासाठी पूर्वी अख्खी संध्याकाळ जायची तो पाच मिनिटांत तयार व्हायला लागला. गोम एवढीच, की पाच मिनिटांत तो सगळ्यांचाच तयार होतो. फ्रेशर्सचे रेझ्युमे माझ्या नजरेखालून सतत जात असतात. लागोपाठ वाचत गेलं आणि नावं झाकली, तर कोणता कोणाचा हे सांगता येऊ नये इतके ते सारखे झालेत. सगळेच ‘ध्येयवेडे’, सगळेच ‘टीम प्लेयर’, सगळ्यांनाच ‘सातत्यानं शिकण्याची आवड’.

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय की मजकुराचा ऐवज तुमच्याकडून येईल आणि एआयकडे प्रश्न विचारायचं, निवडायचं, चुका काढायचं काम जाईल. पहिल्यांदा नोकरी शोधणारे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. मध्ये काही वर्षं खंड पडून परत येणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल.

१. आधी वही

कोणतंही टूल उघडायच्या आधी एक वही किंवा साधी फाइल घ्या आणि आजवर केलेली सगळी कामं लिहून काढा. पगाराचीच असं नाही. प्रोजेक्ट, इंटर्नशिप, शिकवण्या, घरच्या व्यवसायाचा हिशेब, एखाद्या कार्यक्रमाची धावपळ, कोणासाठी बनवून दिलेली वेबसाइट, आजारी माणसाची वर्षभर सांभाळलेली औषधं आणि वेळापत्रकं, सगळं. निवड नंतर करायची आहे, आत्ता फक्त आठवायचं.

प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: अडचण काय होती, तुम्ही नेमकं काय केलंत, त्यानं काय बदललं आणि हे खरं आहे असं कोण सांगू शकेल किंवा कशावरून दिसेल. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो, कारण मुलाखतीत खोदून विचारलं जातं ते तिथेच. आठवत नसेल तर स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: लोक माझ्याकडे कोणतं काम घेऊन यायचे? वर्गातली मुलं तुमच्याकडे एक्सेलची शीट दुरुस्त करायला यायची की सरांशी बोलायला तुम्हाला पुढे करायची, यातून बरंच कळतं.

दोन-तीन दिवस वही अशी भरली की मग एआयला बोलवा, तेही लिहायला नव्हे, विचारायला. असं काहीतरी सांगा:

‘मी पहिल्यांदाच नोकरी शोधतोय. खाली माझ्या कामांची टिपणं आहेत. यावरून रेझ्युमे लिहू नकोस. आधी मला प्रश्न विचार, एका वेळी एकच. मी नेमकं काय केलं, किती, कोणासोबत, हे ज्यातून कळेल असे प्रश्न हवेत. माझं उत्तर मोघम असेल तर तोच प्रश्न पुन्हा विचार. माझ्याकडे आकडा नसेल तर तो तू भरू नकोस.’

हे मराठीतूनच लिहा. ही टूल्स मराठी बऱ्यापैकी समजतात आणि स्वतःच्या भाषेत माणूस तपशील जास्त देतो. बोलून टाइप करायची सोय असेल तर आणखी बरं. इंग्रजी रेझ्युमे हवा असेल तर तो नंतर याच मजकुरावरून करून घेता येतो. अट एकच: जो इंग्रजी शब्द तुम्ही मुलाखतीत अडखळल्याशिवाय उच्चारणार नाही, तो कागदावर ठेवू नका.

आणि टिपणं पेस्ट करण्यापूर्वी फोन नंबर, पत्ता, ओळखपत्रांचे क्रमांक, इतरांची नावं काढून टाका. इंटर्नशिपमध्ये पाहिलेले कंपनीचे आतले आकडे, ग्राहकांच्या याद्या तर अजिबात नकोत. ती माहिती तुमची नाहीच. बहुतेक टूल्सच्या सेटिंग्जमध्ये तुमचं संभाषण मॉडेल (टूलमागची एआय प्रणाली) शिकवायला वापरू नये असा पर्याय असतो, तो आधी शोधून ठेवा.

२. जाहिराती वाचायला शिका

‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला कोणीच बोलवत नाही. एक किंवा फार तर दोन प्रकारची कामं ठरवा आणि त्या कामाच्या पंधरा-वीस जाहिराती एका फाइलमध्ये गोळा करा. ती फाइल एआयला देऊन विचारा, की यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अपेक्षा कोणत्या, ‘असलंच पाहिजे’ आणि ‘असेल तर उत्तम’ यांत काय काय पडतं. हे काम एआय खरंच छान करतं, कारण सगळा मजकूर तुम्ही समोर ठेवलेला असतो. त्याला आठवणीतून काही काढावं लागत नाही.

आलेल्या यादीचे तीन भाग करा: जमतं आणि पुरावा आहे, जमतं पण पुरावा नाही, जमत नाही. तिसऱ्या भागाकडे बघून लोक घाबरतात आणि महागडे कोर्स शोधायला लागतात. माझ्या मते वेळ घालवायचा तो मधल्या भागावर. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येतं पण दाखवायला काही नाही? मग सर्वांसाठी खुली असलेली एखादी माहिती घ्या, तिच्यावर पाच प्रश्न सोडवा, उत्तरं आणि क्वेरी नीट मांडून कुठेतरी ठेवा. लिहिता येतं म्हणता? मग तीन लेख लिहून लिंक द्या. आठवडाभराच्या अशा कामाला कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त वजन मिळतं, कारण त्यावर समोरचा माणूस तुमच्याशी बोलू शकतो.

एआयला विचारू नये असंही या पायरीवर बरंच आहे. ‘या कंपनीत फ्रेशरला किती पगार देतात’, ‘सध्या तिथे भरती चालू आहे का’ असे प्रश्न त्याच्या आठवणीवर सोडू नका. मॉडेलचं ज्ञान एका तारखेपर्यंतचं असतं आणि माहीत नसलेली गोष्टही ते त्याच ठाम सुरात सांगतं. २०२३मध्ये न्यू यॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते, आणि वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. मुलाखतीत ‘तुमच्या कंपनीनं गेल्या वर्षी अमुक प्रॉडक्ट आणलं’ असं म्हटलंत आणि ते आणलेलंच नसेल, तर दंड होणार नाही एवढंच. टूल इंटरनेटवर शोधून उत्तर देत असेल तर खाली दिलेली लिंक उघडून मूळ पान वाचा. लिंक आहे म्हणजे तिथे तेच लिहिलंय असं नसतं.

३. रेझ्युमे

याबद्दल ‘रोबो वाचतो आणि फेकून देतो’ अशी भीती पसरलेली आहे. थोडं खरं, बरंचसं नाही. मोठ्या कंपन्यांत अर्ज हाताळायला एक सॉफ्टवेअर असतं, त्याला एटीएस म्हणतात. ते रेझ्युमेतला मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव अशा खणांत टाकतं आणि भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. आपोआप बाद होतात ते बहुधा अर्जासोबतच्या हो-नाही प्रश्नांवर: अमुक परवाना आहे का, अमुक पदवी आहे का. तेव्हा ते प्रश्न घाईत टिक करू नका.

सॉफ्टवेअरला मजकूर नीट उचलता यावा यासाठी एकच स्तंभ, साधी शीर्षकं, चित्रात किंवा टेबलात कोंबलेली माहिती नको. तपासायची सोपी पद्धत आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसतं, साधारण तेच सॉफ्टवेअरला दिसतं. दोन स्तंभांचं सुंदर टेम्प्लेट असेल तर डाव्या बाजूची ओळ उजव्या बाजूच्या ओळीत घुसलेली सापडेल. मराठीतला रेझ्युमे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर नुसती अगम्य अक्षरं दिसतील, मग तुमचं नावसुद्धा शोधात सापडणार नाही.

यानंतर माणूस. द लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळानं २०१८मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन पाहिलं, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर नजर सरासरी ७.४ सेकंद टिकली. म्हणजे पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात तुमचं सगळ्यात ठोस काम दिसलं पाहिजे. ‘उद्दिष्ट’ नावाचा तीन ओळींचा परिच्छेद तिथे जागा अडवून बसलेला असतो, तो काढा.

आता एक ओळ जवळून बघू. एका मुलीच्या वहीतलं टिपण असं होतं:

‘कॉलेजच्या महोत्सवात नोंदणीच्या टेबलावर होते. रांग खूप व्हायची. मी गूगल फॉर्म बनवला, आदल्या दिवशीच लोकांकडून भरून घेतला. मग टेबलावर नाव शोधून बॅज द्यायचा एवढंच राहिलं.’

‘हे रेझ्युमेसाठी दमदार कर’ असं सांगितलं की येतं ते असं:

‘वार्षिक महोत्सवाच्या नोंदणी प्रक्रियेचं यशस्वी नेतृत्व करून कार्यक्षमतेत ४० टक्के वाढ साधली.’

ऐकायला झकास. पण नेतृत्व तिनं केलेलं नाही, ४० टक्के कोणी मोजलेले नाहीत, आणि जी खरी करामत होती, रांग आदल्या दिवसावर ढकलण्याची, ती गायब. एआय असं मुद्दाम फसवायला करत नाही. त्यानं पाहिलेल्या असंख्य रेझ्युमेत अशा ठिकाणी एक टक्केवारी असते, म्हणून ते ती बसवतं. याच टिपणाची ठीक ओळ अशी होईल:

‘महोत्सवाची नोंदणी आदल्या दिवशी ऑनलाइन फॉर्मवर घेण्याची पद्धत सुरू केली, प्रत्यक्ष टेबलावर फक्त नाव तपासून बॅज देणं उरलं.’

आकडा हवाच असेल तर तो तिच्याकडे आहे: फॉर्मच्या उत्तरांच्या शीटमध्ये किती नोंदी आल्या ते दिसतं. तो टाकावा, कारण तो कोणी विचारला तर शीट उघडून दाखवता येते.

रेझ्युमे तयार झाला की ‘याला शंभरपैकी गुण दे’ असं विचारू नका. तोच कागद दोनदा दिला तर गुण वेगळे येऊ शकतात. त्याऐवजी विचारा: ‘यातली कोणती विधानं मोघम आहेत? कोणत्या दाव्याला आधार दिसत नाही? या जाहिरातीत मागितलेलं आणि यात नसलेलं काय?’ आलेल्या सूचनांपैकी पटतील त्याच घ्या. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. मजकूर वेगळा काढला की ती अक्षरं उघडी पडतात, मघाशी नोटपॅडमध्ये केलंत तसंच.

यंत्राची चाळणी निष्पक्ष असते हेही गृहीत धरू नका. ॲमेझॉननं रेझ्युमेंची प्रतवारी लावणारं एक प्रायोगिक टूल बनवलं होतं. ते ज्या जुन्या अर्जांवर शिकलं त्यांत पुरुष जास्त होते, त्यामुळे ‘महिला’ हा उल्लेख असलेल्या रेझ्युमेंना ते खाली ढकलू लागलं. शेवटी कंपनीनं ते गुंडाळलं आणि २०१८मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून हे बाहेर आलं. आपल्या हातात एवढंच, की सगळी भिस्त ऑनलाइन अर्जावर ठेवायची नाही.

४. माणसांना विचारा

१९७३मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मांडलं, की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. २०२२मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही मध्यम-कच्च्या ओळखीच सर्वाधिक कामी आल्या. तेव्हा दोन वर्षं पुढे असलेले सीनियर, इंटर्नशिपमधले सहकारी, ताईच्या ऑफिसातली मंडळी यांची यादी करा.

मेसेज मात्र स्वतः लिहा. एआयनं लिहिलेला ‘आपला प्रेरणादायी प्रवास पाहून भारावून गेलो’ छापाचा मेसेज रोज येणाऱ्या माणसाला तो पहिल्या ओळीत ओळखू येतो. इतकं पुरतं:

‘नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजची, तुमच्यानंतर दोन वर्षांनी पास झाले. तुम्ही टेस्टिंगमध्ये काम करता असं कळलं. मी त्याच कामासाठी अर्ज करतेय. सुरुवातीच्या सहा महिन्यांत तुम्हाला रोज प्रत्यक्ष काय करावं लागायचं, एवढं विचारायचं होतं. दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुमच्या सोयीनं.’

नोकरी मागितलेली नाही, रेफरल (कंपनीत आपलं नाव सुचवणं) मागितलेला नाही, उत्तर देता येईल असा एक प्रश्न आहे. पाठवण्यापूर्वी एआयकडून शुद्धलेखन बघून घ्यायला हरकत नाही. बोलणं चांगलं झालं तर रेफरलचा विषय बहुतेक वेळा तेच काढतात, नाही काढला तर शेवटी मोकळेपणानं विचारा.

५. अर्ज

हे थोडक्यात. रात्रीत शेकडो अर्ज टाकणारे बॉट वापरू नका. लिंक्डइनसारख्या ठिकाणी अशा स्वयंचलित वापराला मनाई आहे, खातं बंद होऊ शकतं. शिवाय फोन आला की कुठल्या जागेसाठी आलाय हेच आठवत नाही. एक शीट ठेवा: तारीख, कंपनी, पद, कोणता रेझ्युमे पाठवला, कोणाशी बोलणं झालं. आणि जाहिरातीचा मजकूर कॉपी करून ठेवा, कारण मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत जाहिरात साइटवरून निघून गेलेली असते.

६. मुलाखतीचा सराव

माझ्या मते एआयचा खरा उपयोग इथे आहे. घरातला कोणी तासभर तुमची मुलाखत घेत बसणार नाही, एआय बसतं आणि कंटाळत नाही. मात्र त्याला सोडलं तर ते तोंडभर कौतुक करतं, तेव्हा आधीच बजावा: ‘ही जाहिरात, हा माझा रेझ्युमे. तू मुलाखत घे. एका वेळी एक प्रश्न. माझ्या प्रत्येक उत्तरावर एक उपप्रश्न विचार. कौतुक नको. शेवटी कुठे उत्तर पातळ झालं ते माझेच शब्द दाखवून सांग.’ शक्य असेल तर आवाजाचा पर्याय वापरा. टाइप केलेलं उत्तर आणि तोंडून निघणारं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नोंदणीच्या त्या ओळीवर असे उपप्रश्न येतात: ‘पद्धत बदलायला कोणाची परवानगी घेतली?’ ‘ज्यांनी आदल्या दिवशी फॉर्म भरला नाही त्यांचं काय केलं?’ ‘पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल?’ हे काम खरंच केलेल्या माणसाला यांची उत्तरं येतात. ४० टक्क्यांच्या ओळीवर मात्र पहिलाच प्रश्न येईल, ‘कसे मोजले?’, आणि तिथेच सगळं थांबेल.

उत्तर मांडायला स्टार पद्धत चांगली: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. फ्रेशर पहिल्या भागात दोन मिनिटं घालवतात आणि कृती एका वाक्यात उरकतात. उलट करा. एआयकडून आदर्श उत्तरं लिहून घेऊन पाठ करू नका, मध्येच एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. प्रत्येक प्रसंगासाठी चार-पाच शब्दांची चिठ्ठी पुरते.

ऑनलाइन मुलाखत चालू असताना दुसऱ्या खिडकीत उत्तरं दाखवणारी टूल्सही मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रश्नानंतरची ठरावीक शांतता, डोळ्यांची डावी-उजवीकडे फिरणारी हालचाल आणि मग एकदम छापील वाक्य, समोरच्याला कळतं. काही कंपन्या यामुळे एक फेरी पुन्हा समोरासमोर घेऊ लागल्यात. घरी करायची असाइनमेंट असेल तर एआय वापरलं तर चालेल का, असं मेल करून सरळ विचारा. चालेल म्हणाले तर वापरा, कशासाठी वापरलं ते एका ओळीत लिहा, आणि सादर केलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता येईल एवढं करा.

कधीकधी समोर माणूसच नसतो, स्क्रीनवर प्रश्न येतो आणि उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. त्याचं मूल्यमापन कोण करतं, हे विचारायला संकोच नको. न्यू यॉर्क शहरात जुलै २०२३पासून अशी स्वयंचलित टूल्स वापरताना उमेदवाराला कळवणं बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या एआय कायद्यातही भरतीतल्या वापराला उच्च जोखमीच्या गटात टाकलंय. इतरत्र नियम असो-नसो, प्रश्न रास्त आहे.

७. खोट्या ऑफर

पूर्वी भाषेच्या चुकांवरून बनावट मेल ओळखू यायचा. आता तोही एआयनं लिहिलेला, निर्दोष असतो, लेटरहेडसकट. म्हणून भाषेवर न जाता चार गोष्टी बघा. ती जागा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का? मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का, की एखादं अक्षर इकडचं तिकडे केलंय? मुलाखत फक्त चॅटवर उरकली का? आणि नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप, पडताळणी अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले का? पैसे मागितले की विषय संपला, बाकी काही तपासायची गरज नाही. ‘व्हिडिओ लाइक करा, रोज कमवा’ यातही सुरुवातीला थोडे पैसे देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. ओटीपी कोणालाही नाही, आणि बँकेचे तपशील लेखी ऑफर कंपनीच्या नंबरवर फोन करून खातरजमा केल्यावरच.

खरी ऑफर आली की ती पूर्ण वाचा. नाव-गाव काढून मजकूर एआयला द्या आणि प्रोबेशन, नोटीस पिरियड, बाँड, पगारातला पक्का आणि बदलता भाग, कामाची जागा यांबद्दल काय म्हटलंय ते सोप्या मराठीत मागा. काय अस्पष्ट आहे याचीही यादी मागा. यादीतला प्रत्येक मुद्दा मूळ कलमाशी ताडून बघा, उरलेले प्रश्न एचआरला मेलवर विचारा आणि त्यांचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत बाकीच्या मुलाखती रद्द करू नका.